चौदा चिमटे

गिरणी बंद पडली तेव्हा
ह्यांचा अकरा महिन्यांचा पगार थकला होता.
त्या बदल्यात शेठने दिली ती ही डॉज,
सन एकोणसत्तरची, आठ सिलिंडरची, हिरवी,
रामबागेतल्या आमच्या बोळात वळताना
दोनदा मागे घ्यावी लागणारी.
मी तेव्हाच म्हटलं, पगार आपण खाल्ला असता,
ही आपल्याला खाईल.

लिटरला चार किलोमीटर. उतारावर पाच.
ही झाली भूक. दुखणी निराळी.
इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑइल ठिबकतं,
खाली ठेवलेली परात माझ्या रुखवतातली आहे.
हल्लीचं पेट्रोल रबराच्या नळ्या कुरतडतं,
दर दिवाळीला नळ्या नव्या, घराचे पडदे तेच.
ब्रेक दाबला की डावीकडे ओढ घेते,
पाणवठा दिसलेल्या बैलासारखी.

वॉटर पंप अमेरिकेतून आला.
एकोणीस हजार, आणि कस्टम धरून जवळजवळ तेवढेच पुन्हा.
त्या वर्षी माझी दाढ राहून गेली.
अजून राहिलीच आहे.

नियाज मिस्त्री सियागंजातून सायकलवर येतात.
कॉर्कच्या तुकड्यातून गॅस्केट कापतात, माझ्या कात्रीने,
आणि पॉइंटची फट मोजायला
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कोपरा.
टायमिंग कानाने लावतात. डोळे मिटतात, म्हणतात,
"भिया, पाँचवाँ नाराज है."
आठांतला पाचवा रुसला, हे कळतं कसं?
ह्यांना मी रुसले तेही कळत नाही.
मजुरी ते सांगत नाहीत, दिलेली मोजत नाहीत.
मी वहीत लिहिते: नियाज, आठशे.

वैशाखात मानपूरच्या घाटात ती बसते.
पेट्रोल नळीतच उकळतं, वाफ होतं,
आणि भरल्या टाकीवर आठही जण तहानलेले.
त्यावर औषध एकच, नळीला लाकडी चिमटे लावायचे,
कपडे वाळत घालायचे असतात तेच.
का, ते मिस्त्रींनाही सांगता येत नाही.
चालते मात्र.
म्हणून माझ्या दोरीवरचे चौदा चिमटे
आता बॉनेटखाली आहेत, काळे, तेलकट,
आणि ह्यांचा पांढरा सदरा पाटणींच्या गच्चीवर.

स्टिअरिंग डावीकडे, म्हणून मी उजवीकडे बसते.
पुढे ट्रक असला की ह्यांना पलीकडचं दिसत नाही.
मान बाहेर काढायची मी,
सांगायचंही मी. थांबा.
थांबा म्हटलं ना.
हां, जा.
टोलनाक्यावर पैसे देणारा हातही माझाच.
एकदा तिथला पोरगा म्हणाला, मॅडम, आप चला रही हैं?
हे हसले. मी पावती घेतली.

मागच्या महिन्यात बडोद्याहून एक तरुण आला,
गाडीभोवती तीनदा फिरला, मग किंमत बोलला.
आकडा ऐकून मी चहात साखर दोनदा घातली.
त्याने विचारलं, बिघडतं काय काय?
हे म्हणाले, काही नाही.
मी आतून वही आणली
आणि वाचायला बसले.
सील. नळ्या. पंप. क्लचप्लेट, दोनदा.
दोन हजार नऊचा रेडिएटर, त्याच पानावर
मुलाची फी, हप्त्याने.
तो आधी फोनवर टिपून घेत होता,
मग नुसता ऐकत राहिला.
बत्तीस वर्षांपैकी मी एकोणिसावर होते
तेव्हा तो उठला. कळवतो म्हणाला.

रात्रभर हे बोलले नाहीत.
मीही नाही.
वही मुद्दाम आणली का, हे त्यांनी विचारलं असतं
तर काय सांगायचं, ते मी ठरवून ठेवलं होतं.

सकाळी दोरीवर सहा नवे चिमटे होते,
निळे, प्लॅस्टिकचे.
गरम नळीवर हे वितळतील.
म्हणजे माझेच राहणार.